फॅटी लिव्हरमध्ये मायटोकॉन्ड्रिया मंदावतात की जास्त राबतात?

आहारसल्ला

नमस्कार मंडळी. फॅटी लिव्हर असलेल्यांचा आहार ठरवताना एका प्रश्नापाशी गाडी अडते. काही लेख सांगतात की यकृतातले मायटोकॉन्ड्रिया (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका) कमजोर होतात, त्यांना मेदाम्लं (चरबीचे घटक) जाळता येत नाहीत, म्हणून चरबी साचते. माणसांवर केलेले काही अभ्यास मात्र नेमकं उलट सांगतात: फॅटी लिव्हरमध्ये मेदाम्लांचं ज्वलन आणि क्रेब्ज चक्राचा (मायटोकॉन्ड्रियात इंधन शेवटपर्यंत जाळणाऱ्या क्रियांच्या साखळीचा) वेग वाढलेला असतो. यातलं खरं काय?

दुसरा प्रश्न गोळ्यांचा. 'मायटोकॉन्ड्रियाला ताकद' म्हणून एल-कार्निटीन आणि कोएन्झाइम क्यू१० सर्रास घेतलं जातं. त्यांनी लिव्हरमधली चरबी खरंच कमी होते का? आणि मायटोकॉन्ड्रियाची अवस्था कळेल अशी एखादी रक्ततपासणी आहे का?

शाळेच्या पुस्तकातली 'तंतुकणिका म्हणजे पेशीचं ऊर्जाकेंद्र' ही ओळ इथे पुरत नाही. जरा खोलात जाऊन सांगा.

---

जैवरसायन

दोन्ही खरं आहे. एकाच आजाराचे ते दोन टप्पे आहेत. आधी मायटोकॉन्ड्रिया जास्त राबतात, मग थकतात. कारण समजायला सुरुवात चरबी येते कुठून इथून करावी लागते.

२००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांना बायोप्सीच्या आधी काही दिवस खुणेचे समस्थानिक (माग काढता येतील असे अणू) देऊन लिव्हरमधल्या ट्रायग्लिसराइडचा, म्हणजे साठलेल्या चरबीचा, माग काढला. सुमारे ५९ टक्के मेदाम्लं शरीरातल्या चरबीच्या साठ्यातून रक्तावाटे आली होती, २६ टक्के यकृताने स्वतः साखर-पिष्टापासून बनवली होती आणि थेट जेवणातल्या तेलातुपातून आलेली होती फक्त १५ टक्के. निरोगी माणसात उपाशीपोटी यकृताने बनवलेल्या चरबीचा वाटा खूपच लहान असतो. तो २६ टक्क्यांवर जाणं हीच या आजाराची खूण.

यकृतपेशीत आलेल्या लांब साखळीच्या मेदाम्लापुढे दोन वाटा असतात: ट्रायग्लिसराइड होऊन थेंबात जाणं, किंवा मायटोकॉन्ड्रियात शिरून जळणं. शिरायचं दार म्हणजे बाहेरच्या पटलावरचं सीपीटी-१ हे विकर (एन्झाइम). या दाराची कडी म्हणजे मॅलोनिल-कोए. मजा बघा, हाच रेणू नवीन चरबी बनवण्याचा कच्चा मालही आहे. इन्शुलिन वाढलं, साखर भरपूर आली, की एसीसी हे विकर मॅलोनिल-कोए तयार करतं. चरबी बनवणं सुरू होतं आणि त्याच क्षणी जाळण्याच्या दाराला कडी लागते. निरोगी शरीरात ही व्यवस्था उत्तम चालते, कारण जेवणानंतर रक्तातली मेदाम्लंही घटतात. इन्शुलिनला दाद न देणाऱ्या शरीरात चरबीच्या पेशी जेवणानंतरही मेदाम्लं सोडतच राहतात, आणि यकृतात इन्शुलिनचा 'चरबी बनव' हा हुकूम मात्र चालू राहतो. कडी अर्धवट लागलेली, पण बाहेर गर्दी इतकी की आत शिरणाऱ्यांची संख्या एकूण वाढतेच.

आता खरी मेख. पामिटेटचा १६ कार्बनांचा एक रेणू बीटा-ऑक्सिडेशनच्या (दोन-दोन कार्बन तोडण्याच्या क्रियेच्या) ७ फेऱ्यांत ८ अ‍ॅसिटिल-कोए, आणि इलेक्ट्रॉन वाहून नेणारे ७ एनएडीएच व ७ एफएडीएच२ देतो. सगळं शेवटपर्यंत जाळलं तर निव्वळ १०६ एटीपी, म्हणजे पेशी ऊर्जेसाठी खर्च करते ते रेणू. पण एटीपी वापरलं गेल्याशिवाय पुढचं एटीपी बनत नाही, कारण त्यासाठी एडीपी (खर्च झालेलं एटीपी) परत यावं लागतं. यकृताला एटीपी लागतं ते ग्लुकोज तयार करायला, युरिया करायला, प्रथिनं घडवायला. दोन घास जास्त खाल्ले म्हणून ही गरज त्या प्रमाणात वाढत नाही. मग आतल्या पटलावर प्रोटॉनचा दाब चढतो, इलेक्ट्रॉन पुढे सरकेनासे होतात आणि श्वसनसाखळीतल्या (इलेक्ट्रॉन पुढे नेणाऱ्या प्रथिनांच्या रांगेतल्या) कॉम्प्लेक्स १ व ३ इथून सुटून थेट ऑक्सिजनला चिकटतात. त्यातून सुपरऑक्साइड हा पेशीला इजा करणारा रेणू बनतो. एसओडी-२ हे विकर त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं आणि ते निस्तरायला ग्लुटाथायोन हा रक्षक रेणू लागतो. मायटोकॉन्ड्रिया ग्लुटाथायोन स्वतः बनवत नाहीत, पेशीद्रवातून आत आणतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय की मायटोकॉन्ड्रियाच्या पटलात कोलेस्टेरॉल साठलं की ही आयात घटते. म्हणजे ठिणग्या वाढतात तेव्हाच विझवायचं पाणी आटतं.

माणसांमधले दोन अभ्यास शेजारी ठेवा. २०११ च्या अभ्यासात लिव्हरमध्ये जास्त चरबी असलेल्यांत क्रेब्ज चक्राचा वेग जवळपास दुप्पट होता, आणि ग्लुकोजनिर्मितीही वाढलेली होती. २०१५ च्या अभ्यासात शस्त्रक्रियेच्या वेळी घेतलेल्या ताज्या ऊतीवर मोजमाप झालं. लठ्ठ व्यक्तींच्या यकृतातल्या वेगळ्या काढलेल्या मायटोकॉन्ड्रियाचं कमाल श्वसन सडपातळ लोकांच्या ४.३ ते ५ पट भरलं, मग फॅटी लिव्हर असो वा नसो. पण चरबीसोबत दाह असलेल्यांत मायटोकॉन्ड्रियाचं एकूण प्रमाण वाढलेलं असूनही कमाल श्वसन ३१ ते ४० टक्क्यांनी खाली आलेलं होतं आणि प्रोटॉनची गळती (एटीपी न बनवताच प्रोटॉन परत आत येणं) वाढलेली होती. तुमच्या दोन परस्परविरोधी लेखांचं भांडण इथे मिटतं. एक जण पहिल्या टप्प्याचं बोलतोय, दुसरा पुढच्या.

---

काचपट्टी

वरच्या उत्तराला सूक्ष्मदर्शकाखालची बाजू जोडतो.

नेहमीच्या पॅराफिन काचपट्टीवर चरबी दिसतच नाही. अल्कोहोल आणि झायलीनमध्ये ती विरघळून जाते, उरतं ते पांढरं रिकामं भोक. चरबीच पाहायची तर गोठवलेला छेद घेऊन ऑइल रेड ओ हा रंग द्यावा लागतो. ५ टक्के किंवा त्याहून जास्त यकृतपेशींत अशी भोकं असली की त्याला फॅटी लिव्हर म्हणायचं. प्रौढांमध्ये सुरुवात बहुधा मध्यशिरेभोवतीच्या पट्ट्यात होते, ज्याला झोन ३ म्हणतात. तिथे रक्त पोचेपर्यंत त्यातला बराच ऑक्सिजन आधीच्या पेशींनी वापरलेला असतो. मेदाम्लं जाळायला ऑक्सिजन लागतो, आणि झोन ३ मध्ये चरबी बनवण्याची विकरंही जास्त असतात. त्यामुळे नुकसानही तिथूनच सुरू होतं: पेशी फुगतात, त्यांच्याभोवती दाह येतो, आणि मग कोंबडीच्या खुराड्याच्या जाळीसारखे तंतू पेशीभोवती विणले जातात (यालाच फायब्रोसिस म्हणतात).

नीट पाहिलं तर काही पेशींत गुलाबी रंगाचे गोल किंवा सुईसारखे कण दिसतात. हे महाकाय झालेले मायटोकॉन्ड्रिया. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या आत समांतर रेघांचे स्फटिकासारखे पुंजके असतात. नुसती चरबी असलेल्या लिव्हरपेक्षा दाह असलेल्या लिव्हरमध्ये ते जास्त सापडतात.

चरबीचा थेंब हा मूळ गुन्हेगार नाही, हे ठासून सांगायला हवं. ट्रायग्लिसराइड ही मेदाम्लांची सुरक्षित कोठी आहे. २००७ साली उंदरांवर एक प्रयोग झाला. ट्रायग्लिसराइड बनवणारं डीजीएटी-२ हे विकर दाबल्यावर लिव्हरमधली चरबी कमी झाली, पण पेशींचं नुकसान आणि तंतू उलट वाढले. कोठी बंद केली, माल मात्र येतच राहिला.

आणि मायटोकॉन्ड्रिया सुरुवातीपासूनच निकामी झाले तर काय होतं, तेही वैद्यकाला ठाऊक आहे. १९९३ मध्ये हिपॅटायटिस बी साठी फियालुरिडिन या औषधाची चाचणी झाली. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए बनवणाऱ्या यंत्रणेतच ते शिरलं. १५ पैकी ७ रुग्णांचं यकृत निकामी झालं, ५ दगावले, दोघे प्रत्यारोपणामुळे वाचले. विषाणूतापात अ‍ॅस्पिरिन दिलेल्या मुलांमधला राय सिंड्रोम, व्हॅल्प्रोएट या फिट्सच्या औषधाची विषबाधा, गरोदरपणातलं तीव्र फॅटी लिव्हर हे याच घरातले. गरोदरपणातल्या काही प्रकरणांत तर गर्भालाच लांब साखळीची मेदाम्लं जाळणाऱ्या विकराचा जन्मजात अभाव असतो आणि त्याचा भार आईच्या यकृतावर येतो. या सगळ्यांत चरबी बारीक फेसासारखी असते, केंद्रक पेशीच्या मधोमध राहतं, आणि रुग्णाची रक्तशर्करा कोसळते, लॅक्टेट चढतं. नेहमीच्या फॅटी लिव्हरमध्ये थेंब मोठा असतो, केंद्रक कडेला ढकललेलं असतं, आणि उपाशीपोटीची साखर कोसळायच्या ऐवजी वाढलेली असते. मायटोकॉन्ड्रिया बंद पडलेले असते तर ग्लुकोज बनवायला लागणारं एटीपी आणलं कुठून असतं?

---

आहारसल्ला

शेवटचं वाक्य वाचून बरंच उलगडलं, धन्यवाद. म्हणजे कार्निटीनसारखी, मायटोकॉन्ड्रियात जास्त मेदाम्लं ढकलणारी गोळी तर्कानेच पटत नाही. तरी गोळ्यांबद्दल आणि तपासण्यांबद्दल कोणी स्पष्ट सांगेल का? आणि दाह सुरू कसा होतो? इलेक्ट्रॉन सुटण्यापासून थेट तंतूंपर्यंतची मधली कडी निसटतेय.

---

जैवरसायन

मधली कडी थोडक्यात. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए जेमतेम १६,५६९ जोड्यांचा, ३७ जनुकांचा. तो श्वसनसाखळीच्या अगदी शेजारी असतो, त्यामुळे ठिणग्या आधी त्यालाच लागतात. त्यातली १३ जनुकं साखळीच्याच प्रथिनांची आहेत. डीएनए खराब, म्हणून साखळी खराब, म्हणून गळती आणखी, असं ते चक्र. आतल्या पटलातलं कार्डिओलिपिन हे मेदद्रव्य खराब झालं की सायटोक्रोम सी सुटतं आणि पेशी मरणाच्या वाटेला लागते. शिवाय मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए जिवाणूंच्या डीएनएसारखा असतो. तो पेशीबाहेर सांडला की यकृतातल्या कुप्फर या रक्षक पेशी त्याला जंतूच समजतात आणि टीएलआर-९ या ग्राहीमार्फत दाह पेटवतात. त्यांचे संदेश तारापेशींपर्यंत पोचतात, आणि तारापेशी कोलॅजनचे तंतू विणायला लागतात. खराब मायटोकॉन्ड्रिया वेळीच मोडीत काढायची सोय पेशीत असते, तिला मायटोफॅजी म्हणतात. ती मागे पडली की हे सगळं वेग घेतं.

---

यकृतचिकित्सा

गोळ्यांचं आधी घेतो.

एल-कार्निटीन आपलं यकृत आणि मूत्रपिंड लायसिन व मेथिओनिनपासून स्वतःच बनवतात. खरी कमतरता दिसते ती दीर्घकाळ व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांत, डायलिसिसवर असलेल्यांत किंवा जन्मजात दोषात. नेहमीच्या फॅटी लिव्हरमध्ये अडथळा कार्निटीनच्या तुटवड्याचा नाही, मॅलोनिल-कोएच्या कडीचा आहे. कोएन्झाइम क्यू१० किंवा कार्निटीन, दोन्हींची शिफारस या आजाराच्या मोठ्या मार्गदर्शक सूत्रांत नाही. रुग्णाचे ते पैसे वाचवा.

व्हिटॅमिन ई चा पुरावा आहे, पण मर्यादित. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मधुमेह नसलेल्या, बायोप्सीत दाह सिद्ध झालेल्या प्रौढांना रोज ८०० युनिट ९६ आठवडे दिलं. ऊतीत सुधारणा ४३ टक्क्यांत, नुसत्या साखरेच्या गोळीवर १९ टक्क्यांत. तंतूंमध्ये ठोस फरक दिसला नाही. दुसऱ्या एका मोठ्या चाचणीत रोज ४०० युनिट घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटच्या कर्करोगाचं प्रमाण १७ टक्क्यांनी जास्त निघालं. त्यामुळे सोनोग्राफीत 'ग्रेड १' आलं म्हणून केस-त्वचेसाठी मिळणाऱ्या त्या हिरव्या कॅप्सूल कुणालाही सुरू करू नयेत.

नव्या औषधांकडे पाहिलं तर वर सांगितलेलंच जीवशास्त्र दिसतं. रेस्मेटिरॉम यकृतातल्या थायरॉइड-बीटा ग्राहीवर काम करतं, मेदाम्लांचं ज्वलन आणि मायटोकॉन्ड्रियाची साफसफाई दोन्ही वाढवतं. अमेरिकेत त्याला मार्च २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, तीही मध्यम ते पुढच्या तंतू-अवस्थेसाठी, सिरॉसिसच्या आधी. वर्षभराच्या चाचणीत दाह निवळण्याचं प्रमाण ८० मिलिग्रॅमवर २५.९ टक्के, १०० वर २९.९ आणि औषधाविना ९.७ टक्के. म्हणजे औषध घेऊनही बहुतेकांत दाह पूर्ण निवळला नाही, हे रुग्णाला सांगायला हवं. भारतात सॅरोग्लिटाझारला २०२० पासून या आजारासाठी मंजुरी आहे. ते पीपीएआर-अल्फा आणि गॅमा हे दोन्ही ग्राही चेतवतं: अल्फामुळे यकृतात ज्वलन वाढतं, गॅमामुळे चरबीच्या पेशी मेदाम्लं धरून ठेवतात. सेमाग्लुटाइड तर यकृतपेशींवर जवळपास थेट कामच करत नाही. भूक आणि वजन कमी होतं, माल येणं घटतं, आणि लिव्हर सुधारतं. त्यालाही अमेरिकेत या आजारासाठी ऑगस्ट २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. मेटफॉर्मिन मधुमेहासाठी जरूर द्यावं, पण लिव्हरच्या ऊतीत त्याने सुधारणा होत नाही.

तपासण्या. मायटोकॉन्ड्रियाची अवस्था सांगणारी रोजच्या वापरातली रक्ततपासणी नाही. श्वसन मोजायला ताजी ऊती लागते, आणि तेवढ्यासाठी सुई घालणं योग्य नाही. व्यवहारात महत्त्वाचं एकच: तंतू किती. एसजीपीटी (यकृतपेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं विकर) नॉर्मल आहे म्हणून लिव्हर ठीक, असं समजू नका. सोनोग्राफीतला ग्रेड चरबी सांगतो, तंतू सांगत नाही, आणि चरबी थोडी असेल तर सोनोग्राफीत ती निसटतेही.

तंतूंचा अंदाज देणारा फिब-४ हा आकडा काढा. वय गुणिले एसजीओटी (एसजीपीटीसारखंच दुसरं विकर), भागिले प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. उदाहरणार्थ वय ४८, एसजीओटी ५२, एसजीपीटी ७८, प्लेटलेट २.१ लाख. वर ४८ × ५२ = २४९६. खाली ७८ चं वर्गमूळ ८.८३, गुणिले २१० म्हणजे सुमारे १८५४. उत्तर १.३५. इथे सगळ्यात जास्त चूक प्लेटलेटच्या एककात होते. आपल्याकडचे रिपोर्ट लाखात असतात, सूत्राला हजारात हवं असतं. २.१ लाख म्हणजे २१०. कॅल्क्युलेटरमध्ये २.१ टाकलं तर उत्तर शंभरपट येतं आणि घरातले घाबरून जातात. १.३ च्या खाली असेल तर पुढच्या तंतूंची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर यकृततज्ज्ञांकडे पाठवा. मधल्यांनी फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) करावा, किमान ३ तास उपाशीपोटी. ८ किलोपास्कलच्या खाली दिलासा, १२ च्या वर गंभीर.

---

चालणं_जेवणं

आहाराची बाजू मांडतो, कारण मूळ प्रश्न तिथलाच आहे.

फ्रुक्टोजवर आधी हात घाला. यकृतात ग्लुकोज मोडताना इन्शुलिन आणि पेशीची गरज यांची तपासणी होते, फ्रुक्टोजला ती नाही. त्याच्यावर फॉस्फेट लावणारं विकर न थांबता काम करतं, एटीपी झपाट्याने खर्च होतं, त्यातून युरिक अ‍ॅसिड वाढतं आणि उरलेला कार्बन चरबी बनवण्याकडे वळतो, म्हणजेच मॅलोनिल-कोएकडे. ३०० मिलिलिटर उसाच्या रसात साधारण ३५ ते ४५ ग्रॅम साखर असते, त्यातला निम्मा भाग फ्रुक्टोज. पॅकबंद ज्यूस, शीतपेय, दिवसाचे पाच चहा, सगळं लिहून बेरीज करा. 'नैसर्गिक' म्हणून मध-गूळ वेगळा धरू नका. अख्खं फळ मात्र बंद करू नका. पेरू किंवा संत्रं चावून खाताना साखर हळू पोचते आणि पोट भरतं.

तेलातुपाचा वाटा १५ टक्केच म्हणून मोकाट सोडू नये. २०१८ च्या एका अभ्यासात तीन आठवडे रोज १००० कॅलरी जास्त खायला दिल्या. संपृक्त मेदातून दिल्या तेव्हा लिव्हरमधली चरबी ५५ टक्क्यांनी वाढली, साध्या साखरेतून ३३, असंपृक्त मेदातून १५. शेंगदाणा किंवा करडईचं तेल मोजून वापरलं तर चालेल. साजूक तुपाची धार चमच्यावर आणा.

कीटो आहाराचा प्रश्न येणारच. २०२० मध्ये १० जणांना ६ दिवस कीटोवर ठेवलं तर वजन ३ टक्के आणि लिव्हरमधली चरबी ३१ टक्के घटली. इन्शुलिन उतरलं, कडी उघडली, आणि अ‍ॅसिटिल-कोए क्रेब्ज चक्रात न जाता कीटोन होऊन यकृताबाहेर पडलं. मायटोकॉन्ड्रियावरचा भार कमी करायची ती एक वाट आहे. पण १० माणसं आणि ६ दिवस, एवढ्यावर वर्षभराचा सल्ला देता येत नाही. ग्लिफ्लोझिन गटातलं मधुमेहाचं औषध चालू असेल तर कीटो अजिबात नको, साखर फारशी न वाढताही कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्त धोकादायक आम्लधर्मी होणं) होऊ शकतो.

वजन ३ ते ५ टक्के उतरलं की चरबी कमी होते, दाहासाठी ७ ते १० टक्के लागतात. ८० किलोच्या माणसाला हे अनुक्रमे अडीच ते चार आणि साडेपाच ते आठ किलो. आठवड्याला दीड किलोपेक्षा वेगाने उतरवलं तर पित्ताचे खडे होऊ शकतात. आठवड्याला १५० मिनिटं दम लागेल असं चालणं, शिवाय दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. वजन हललं नाही तरी लिव्हरमधली चरबी उतरते, कारण स्नायू मेदाम्लं आणि साखर दोन्ही वापरतात आणि माल यकृतापर्यंत कमी पोचतो. सडपातळ दिसणाऱ्यांनाही हेच लागू. आपल्याकडे पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर कंबर गेली की वजनकाटा काहीही म्हणो, पोटातली चरबी जास्त आहे असं धरा.

---

जैवरसायन

एक इशारा राहिला. 'मागणी वाढत नाही, तर मायटोकॉन्ड्रियाला थोडी गळती पाडू' ही कल्पना नवी नाही. डायनायट्रोफेनॉल म्हणजे डीएनपी नेमकं तेच करतं. १९३३ पासून अमेरिकेत वजन उतरवायला ते वापरलं गेलं, मोतीबिंदू आणि मृत्यू झाले, आणि १९३८ मध्ये माणसांसाठी अयोग्य ठरलं. त्यात सुरक्षित आणि घातक मात्रेतलं अंतर फार कमी आहे, ताप चढत जातो आणि त्यावर उतारा नाही. व्यायामशाळांच्या वर्तुळात आणि इंटरनेटवर ते आजही विकलं जातं. कोणी विचारलं तर ठाम नाही म्हणा.

---

आहारसल्ला

सगळ्यांचे मनापासून आभार. फिब-४ बद्दल एकच शंका. सत्तरीच्या व्यक्तीचं उत्तर १.६ आलं तर लगेच फायब्रोस्कॅन सांगायचा का? वय तर सूत्रातच वर बसलंय.

---

यकृतचिकित्सा

बरोबर पकडलंत. ६५ च्या वर १.३ ऐवजी २.० ही खालची मर्यादा धरा, म्हणजे १.६ ला घाई नको. ३५ च्या खाली उलटं होतं, उत्तर खोटं कमी येतं. तिथे मधुमेह किंवा मोठी कंबर असेल तर फिब-४ वर न थांबता थेट फायब्रोस्कॅन करून घ्या. आणि ताप, डेंग्यू किंवा कावीळ चालू असताना काढलेले आकडे यात घालू नका. डेंग्यूत प्लेटलेट उतरतात, एसजीओटी चढतं आणि फिब-४ विनाकारण फुगतं. बरं झाल्यावर महिन्या-दीड महिन्याने नव्याने रक्त द्या.